डाव्या दरवाज्याचे आकडे

४ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

नव्या वर्षाचं तुझं कार्ड काल मिळालं, म्हणजे चांगलं महिनाभर उशिरा. दरवर्षीप्रमाणे दोनच ओळी होत्या. तक्रार करत नाही. पण या वेळी आत टिंगूचा फोटो होता. तो मी आधी नुसता पाहिला, मग चष्मा पुसून पाहिला, मग शेजारून भिंग मागून आणलं. नात सहा वर्षांची झाली आणि आजीला तिचे फोटो मिळाले तीन, त्यामुळे एकेक पुरवून पाहावा लागतो. नाक आपल्याकडचं आहे. हनुवटी तुमच्याकडची असावी. पुढचे दोन दात कधी पडले?

फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललासच तर आपण दोघी हवापाण्याचं बोलून ठेवून देऊ. म्हणून लिहिते आहे.

फोटोत टिंगू गाडीच्या मागच्या सीटवर बसली आहे, डाव्या खिडकीशी. ती नेहमी तिथेच बसते का? तिला उजवीकडे बसवत जा. डावीकडून ऊन येतं आणि लहान मुलांच्या डोळ्यांना ते बरं नाही, असं मी कुठेतरी वाचलं आहे.

खरं म्हणजे ती गाडीच आता जुनी झाली. मी तुझ्या लग्नात दिली त्याला सात वर्षं झाली. दुसरी घ्या. आणि ही विकू नका. असू दे तशीच, तुझ्या नवऱ्याच्या गॅरेजमध्ये सुट्या भागांना उपयोगी पडेल. फार विचार करू नकोस, या वयात माणसाला काहीबाही सुचत असतं.

घरी सगळे बरे आहेत ना?

आई


२४ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

सात वर्षांत पहिल्यांदा तुझं कार्ड आलं नाही, पत्र आलं. रागाचं का असेना, पानभर आहे.

"चालवू नका, विकू नका, मग काय लोणचं घालू त्या गाडीचं?" असं विचारलंस. वाचून मला हसू आलं, मग हसू गेलं. ऊन सकाळी उजवीकडून येतं आणि दुपारी डावीकडून, हेही तुझं बरोबर आहे. शाळेच्या दाराशी डावीकडून उतरायला सोपं, म्हणून टिंगू तिथे बसते हे कळलं. आणि शेवटी लिहिलंस, "आई, तू काय लपवते आहेस?" 'लपवते'च्या खाली रेघ मारलीस, तीही पट्टीनं. शाळेत आमच्या सिस्टर अशी रेघ मारायच्या. वही हातात आली की आम्ही आधी रेघा मोजायचो आणि मग रडायचं की नाही ते ठरवायचो.

मी काही लपवत नाही. वर्तमानपत्रात आमच्या कंपनीबद्दल काही येत असेल तर ते सगळं खरं धरून चालू नकोस. इतक्या वर्षांनी कुणीतरी जुनी कपाटं उघडली की धूळ उडणारच.

एक काम आहे. टिंगू झाली तेव्हा मी पार्सलमधून झबली पाठवली होती, त्यात एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तुझ्या लहानपणीच्या आजारांची. कधी किती ताप आला, कुठलं औषध दिलं, ते मी त्यात लिहून ठेवत असे. ती मला पाठव. सहज पाहावीशी वाटली. रजिस्टर्डनं पाठव, साध्या टपालानं नको.

टिंगूला उजवीकडेच बसव. उतरताना दोन पावलं जास्त पडली तर काही बिघडत नाही.

आई


११ मार्च

बेबी,

वही आली. सोबत तुझी चिठ्ठी: "ही घे वही. आता सांग."

सांगते. मध्येच पत्र ठेवून देऊ नकोस एवढंच.

तुझे बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मला कंपनीच्या चाचणी विभागात कारकुनाची नोकरी लागली ती केवळ अक्षरामुळे. तुला तो विभाग आठवत असेल, एकदा सुट्टीत तुला नेलं होतं. कारखान्याच्या मागे एक लांबलचक शेड होती. नव्या गाडीत माणसाच्या आकाराचे दोन पुतळे बसवायचे आणि बाजूनं एक लोखंडी ढकलगाडा दरवाज्यावर आदळायचा. पुतळ्यांना आम्ही 'पाहुणे' म्हणायचो. "आज पाहुण्यांचं काय झालं?" असं डबा खाता खाता विचारायचे सगळे. मग इंजिनिअर फुटलेल्या गाडीभोवती फिरून मापं घ्यायचे. दरवाजा वीस ठिकाणी किती सेंटिमीटर आत दबला ते तेलकट बोटांनी चिटोऱ्यावर लिहायचे, आणि मी ते छापील कागदावर सुवाच्य उतरवायची. उजव्या बाजूचा कागद पांढरा, डाव्या बाजूचा निळा. माझ्या हातचा कागद सरकारी कचेरीतून कधी परत आला नाही. त्याचा मला केवढा अभिमान होता, ते तुला माहीत आहे. तू त्यावरून मला चिडवायचीस.

तू अकरा वर्षांची असताना कंपनीनं ती गाडी काढली, तुमच्या दारात उभी आहे तीच. चाचणीला दोन गाड्या यायच्या होत्या, एक उजवीकडून फोडायची, एक डावीकडून. आली एकच. दुसरी प्रदर्शनाला गेली होती. कागद शुक्रवारी कचेरीत पोहोचायला हवे होते. त्याच आठवड्यात सोमवारपासून तुझा ताप उतरत नव्हता. शेजारच्या काकू तुझ्याजवळ बसायच्या आणि मी कामावर जायची. बुधवारी मी रजा मागायला साहेबांकडे गेले.

"मुलीला ताप किती आहे?" त्यांनी विचारलं.

"सकाळी एकशे तीन पॉइंट चार होता."

"मग उद्या येऊ नका. फक्त हा निळा कागद घेऊन जा आणि शुक्रवारी भरून आणा."

"डावी बाजू कधी झाली, साहेब?"

"बाई, डावा दरवाजा उजव्याचा जुळा भाऊ. एकाचं माप घेतलं की दुसऱ्यालाही सदरा शिवता येतो."

चष्मेवाले इंजिनिअर तिथेच होते. ते म्हणाले, "फक्त जुळ्यांचे चेहरे थोडे वेगळे काढा हं, बाई. दशांशात. अगदी हुबेहूब आले तर वरचे ओळखतील." दोघं हसले. मीही हसले असेन. रजा मिळाली होती.

गुरुवारी दुपारी तू झोपलीस तेव्हा तुझ्या पलंगाच्या कडेला बसून मी तो कागद भरायला घेतला. पूर्ण आकडे उजव्या बाजूचे उतरवले. दशांशाला अडले. पाच लिहिला, मग तीन, मग पुन्हा पाच. पेन्सिलनंच लिहीत होते, तरी ते आकडे माझे मलाच खोटे दिसायला लागले. मला खोटं रचता येत नाही, बेबी. सिस्टरांनी आम्हाला ते शिकवलंच नाही. उतरवून काढायला मात्र फार चांगलं शिकवलं. उशाशी तुझी वही उघडी होती. डॉक्टरांनी दर चार तासांनी ताप लिहून ठेवायला सांगितलं होतं, आणि सोमवार सकाळपासून तोवर नोंदी झाल्या होत्या बरोबर वीस. एकशे एक पॉइंट आठ, एकशे दोन पॉइंट सहा, एकशे तीन पॉइंट चार. मी पॉइंटच्या पुढचे आकडे ओळीनं घेतले. आठ, सहा, चार. खरे आकडे होते ना ते, खरेच दिसले. दहा मिनिटांत कागद पूर्ण झाला. मग तुझ्या कपाळावरची पट्टी बदलली.

त्यानंतर एकोणीस वर्षं तो कागद कुणी निरखून पाहिला नाही.

गेल्या महिन्यात कंपनीच्या जुन्या चाचण्या तपासणाऱ्या चौकशी समितीची एक मुलगी घरी आली. तुझ्याच वयाची, केस असे कसेतरी वर बांधलेले. तिनं दोन्ही कागदांच्या झेरॉक्स माझ्यासमोर ठेवल्या.

"अक्षर तुमचंच ना, आजी? काय सुंदर आहे."

"हो."

"उजव्या कागदावर दशांश कसेही आहेत. एक, सात, चार, नऊ. डाव्या कागदावर वीसच्या वीस सम. एकही विषम नाही. हे कशामुळे असेल?"

"मापाचं यंत्र वेगळं असेल."

"कंपनीही तेच म्हणते," ती म्हणाली आणि चहा न घेता बसून राहिली.

मला मात्र तत्क्षणी कळलं होतं. आपल्या जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर रेघा दोन-दोन पॉइंटच्या होत्या. त्यावर एकशे दोन पॉइंट चार वाचता येतो, सहा वाचता येतो. पाच वाचताच येत नाही. इतकी वर्षं मी तो थर्मामीटर झटकला, पण माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

आता यातलं सगळ्यांत वाईट. वही मी जाळायला मागवली होती. ती नसली की त्या मुलीच्या हाती नुसते सम आकडे उरतात, आणि त्यावरून कुणाला काही सिद्ध करता येत नाही. काल गॅस पेटवला होता. म्हटलं एकदा चाळून घ्यावी. तर तुझी पानं संपल्यावर पुढे तुझ्या अक्षरात टिंगूच्या तापाच्या नोंदी. तारखा, वेळा, औषधं, माझ्यासारखेच रकाने आखून. आणि एका पानाच्या कोपऱ्यात: 'आज आई असती तर बरं झालं असतं.' तारीख चार वर्षांपूर्वीची आहे.

मी गॅस बंद केला.

तुझी आई


१३ मार्च

बेबी,

परवाचं पत्र टाकून आले आणि लक्षात आलं, की त्यात मी स्वतःला जरा बरी दाखवली आहे. आजारी मूल, नवरा नाही, साहेब समोर उभे. ते सगळं खरं आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही.

त्यानंतर आठ महिन्यांनी डावे दरवाजे बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र आलं. डावे दरवाजे दुसरीकडून यायचे. दरवाज्याच्या पोटात एक पोलादी आडवी दांडी असते, धक्का तिनं झेलायचा असतो. ती दांडी आपण बारीक केली आहे, असं त्यांनी कळवलं होतं. पत्र मी उघडलं, साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी कोपऱ्यात 'पाहिलं' असं लिहून सही केली. मी ते फाइलला लावलं.

म्हणजे जुळे भाऊ ही थापच निघाली, आणि ती थाप आहे हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. मी नुसतं मान खाली घालून उतरवत होते असं आता म्हणता येणार नाही.

मग तीच गाडी तुला का दिली, हे तू विचारशीलच. मी स्वतःला रोज विचारते. बारा वर्षं त्या गाडीचे कागद मी दरवर्षी नव्यानं उतरवून पाठवत होते. दर वेळी तेच वीस आकडे. लिहून लिहून माझा माझ्या अक्षरावर विश्वास बसला होता. तुला गाडी द्यायचं ठरवलं तेव्हा मी रंग कुठला घ्यावा याचा आठवडाभर विचार केला. दरवाज्याचा विचार माझ्या मनात आला नाही. आला नाही म्हणजे, मी येऊ दिला नाही.

टिंगू उजवीकडे बसते ना?

आई


२६ मार्च

प्रिय जावईबापू,

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. बेबीचं दोन आठवडे उत्तर नाही. तिनं माझी पत्रं तुम्हाला दाखवली असतील असं धरून चालते.

तुमच्या लग्नाच्या जेवणात तुम्ही पंगतीला बसलात तेव्हा तुमच्या आईंसमोर मी म्हटलं होतं, "आमच्याकडे हात धुऊन जेवायची पद्धत आहे." तुम्ही हात धुतलेले होते. नखांच्या कडांचं ग्रीस साबणानं जात नाही हे मला चाचणी विभागात पंधरा वर्षं काढून माहीत होतं. तरी म्हटलं. तुम्ही उठलात, पुन्हा हात धुऊन आलात आणि जेवलात. बेबी उठली ती परत पानावर बसली नाही. त्याबद्दल मी कधी क्षमा मागितली नाही, ती आज मागते. कामाच्या वेळी आठवण झाली असं तुम्ही म्हणाल, आणि तेही खोटं नाही.

काम असं, की त्या गाडीचे मागचे दोन्ही दरवाजे तुम्ही उघडून पाहावेत. आतल्या दोन्ही दांड्या मोजाव्यात. मी कागद लिहिले, पत्रं फाइलला लावली, पण दरवाजा आतून कधी पाहिला नाही. समितीपुढे जायचं तर ऐकीव सांगायला नको. आणि मला मोजून देणारं माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही.

टिंगूला माझा आशीर्वाद. तिला माझ्याबद्दल काय सांगितलं आहे ते मला माहीत नाही, जे सांगितलं असेल ते राहू द्या.

आपली,
बेबीची आई


१९ एप्रिल

प्रिय बेबी,

तुमचं पार्सल पोहोचलं. तुझ्या नवऱ्याची चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. "आई, दोन्ही दांड्या कापून पाठवतो आहे. उजवीकडची अंगठ्याएवढी आहे, डावीकडची करंगळीहून बारीक. मी रोज गाड्या उघडतो पण हीच कधी उघडली नव्हती, घरची म्हणून. गाडीची चाकं काढून ठेवली आहेत. टिंगू आता माझ्या मागे स्कूटरवर जाते आणि खूश आहे." त्यानं मला आई म्हटलं. लिहिताना सवयीनं म्हटलं असेल, तरी मी ठेवून घेतलं.

आणि तळाशी तुझी एक ओळ. "टिंगू त्या गाडीत बसत नसती तर तू सांगितलं असतंस?"

तू तुझ्या बाबांवर गेलीस. तेही पानभर भांडून शेवटी असं एकच विचारायचे.

आधी समितीचं सांगते. परवा गेले. त्या मुलीनं वही आणि निळा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलनं एकेक आकड्यावर खूण करत गेली. बाराव्यापाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं, पुढचे आठ तपासले. दांड्या टेबलावर होत्या. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, की एका आईची घरगुती वही पुरावा कशी होईल. ती मुलगी म्हणाली, "तुम्ही मला एका आजारी मुलीचा ताप आणि एका फुटलेल्या दरवाज्याचं माप ओळीनं वीस वेळा जुळवून दाखवा, मी वही परत देते." साहेब आले होते, दोन्ही कानांत यंत्रं घालून. बाहेर बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. मी जबाबावर केलेली सही त्यांनी लांबून पाहिली असावी. म्हणाले, "बाई, अक्षर अजून तसंच आहे तुमचं." चष्मेवाले इंजिनिअर मागेच वारले.

सगळ्या गाड्या परत मागवायचा हुकूम निघेल असं ती मुलगी म्हणाली. वेळ लागेल. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल. वही सध्या त्यांच्याकडे आहे. टिंगूची पानं मी आधी हातानं उतरवून घेतली, ती सोबत पाठवते.

आता तुझा प्रश्न.

आमच्या खालच्या मजल्यावर दातांची डॉक्टर राहते. तिच्याकडे तीच गाडी आहे, पांढरी. रोज सकाळी ती मुलाला मागे डावीकडे त्याच्या छोट्या खुर्चीत बसवून पट्टा लावते, आणि मी गॅलरीतून त्याला टाटा करते. तोही करतो. तीन वर्षांचा आहे, आधी नुसती बोटं हलवायचा, आता सगळा हात हलवतो. त्याच्या जन्मापासून मी हे पाहते आहे, बेबी. एकदाही जिना उतरून खाली गेले नाही.

म्हणून उत्तर 'नाही' असं आहे. सांगितलं नसतं.

काल दुपारी मी खाली गेले.

"या ना, आजी," ती म्हणाली. "दाढ पुन्हा त्रास देतेय का? मी म्हटलं होतं, काढून टाकू या."

"दाढ नाही. तुमच्या गाडीबद्दल सांगायचं आहे."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. आकड्यांचं, दांडीचं, समितीचं. तिनं शेवटी विचारलं, "आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

समितीनं आता शोधून काढलं, असं म्हणता आलं असतं. तिला खरं वाटलं असतं, वर्तमानपत्रातही तसंच छापून येणार आहे.

"तुम्ही इथे राहायला यायच्या आधी," मी म्हटलं.

तिनं खिळ्यावरची किल्ली घेतली आणि खाली गेली. मी मागोमाग गेले. तिनं डावीकडून मुलाची खुर्ची सोडवायला घेतली. एक बकल अडकलं होतं, मी धरायला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, पेशंटला सांगतात तसं.

मी बाजूला उभी राहिले. बकल निघायला बराच वेळ लागला.

आज सकाळी नेहमीच्या वेळी मी गॅलरीत गेले. मुलाला तिनं गाडीच्या पलीकडून, मागे उजवीकडे बसवलं. ती खिडकी आमच्या गॅलरीतून दिसत नाही.

तुझी आई